दुपारी घरी येणारी गाडी

विनोदसरांना विचारल्याशिवाय त्या गावात चारचाकी येत नसे. अनसिंगच्या फाट्यावरून आत वळून पूल ओलांडला की हे गाव. सर शिकवायचे दूर तिकडं जऊळक्याकडच्या शाळेत, त्यामुळं गावात मास्तर म्हणून त्यांची फारशी ओळख नव्हती. ओळख होती ती गाड्यांची. रविवारी सकाळी ते अंगणातल्या आपल्या जुन्या डिझेल गाडीखाली पोतं अंथरून शिरले, की बाहेर दोन-चार जण येऊन उकिडवे बसत, आणि गाडीच्या पोटातून सरांचं बोलणं सुरू होई.

“सनरूफ! आपल्या वाशिम जिल्ह्यात सनरूफ! मे महिन्यात टाळू तापवून घ्याले लोक पैसे देऊन राह्यले. अन् जाड पत्रा मागा, तर म्हनते, साहेब, आता तसा येत नाई.”

“हाव ना,” बाहेरून फुलचंद म्हणाला. त्याला यंदा गाडी घ्यायची होती आणि त्यासाठी तो लागोपाठ रविवारी येत होता. “पन सर, ते बॅटरीवालीचं कसं म्हनता? माहा साडभाऊ म्हनते, लय भारी हाय.”

“फुलचंदभाऊ, मिक्सर घ्याचा असन तर मिक्सर घ्या. गाडी घ्याची असन तर गाडी घ्या.”

बाहेर हशा पिकला. आत खिडकीपाशी बाजेवर नीलिमा पोरीला पाजत बसली होती. हसू कुठं येणार, हे तिला आधीच ठाऊक असायचं. मिक्सर झाला की मोबाईल येई, आणि तो आलाच.

“कंपन्यायनं गाड्या बनवनं सोडलं, भाऊ. आता मोबाईल बनवते अन् त्याले चाकं लावते. काच खाली कराची तर पडद्यावर बोट घासा. बिघडलं तर आपला मिस्त्री पाना घेऊन नुसता पाह्यत राहीन. अन् बॅटरी गेल्यावर? कोंबड्या ठेवा त्यात.”

नीलिमाचे डोळे मिटत होते. धम्मदीपा रात्रभर जागली होती आणि आता निवांत, एक हात आईच्या गळ्यापाशी ठेवून पीत होती. नीलिमाला नवऱ्याच्या बोलण्याचा राग येत नव्हता. तो चुकीचं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. घरात जेवता जेवता तो पुलावरून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ती कुणाची आणि तिचं काय दुखतंय ते सांगायचा. कळा सुरू झाल्या तेव्हा याच डिझेल गाडीतून त्यानं तिला वाशिमला नेलं होतं, आणि एकेक खड्डा असा चुकवत, असा हळू उतरवत, की मागं बसलेल्या सासूबाईच चिडल्या होत्या, “अरे, गाडी चालवून राह्यला का पाळना हालवून राह्यला?”

प्रश्न गाडी चांगली की वाईट हा नव्हताच. प्रश्न पुढच्या सोमवारचा होता.

नीलिमा अनसिंगच्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती. सकाळची ओपीडी, मग मधली सुट्टी, मग दुपारची ओपीडी. मधल्या सुट्टीत घरी येऊन पाजून परत जाता आलं, तर सगळं जमत होतं. कारण दीपा बाटली तोंडात घेत नव्हती. वाटी-चमच्यानं दिलं तर आजीच्या लुगड्यावर फुर्रकन उडवायची. आणि त्या मधल्या वेळेत ना एसटी होती ना ऑटो. ऑटोवाला भरल्याशिवाय हलत नसे. स्कूटी होती. पण गरोदरपणी सातव्या महिन्यात पुलाजवळच्या खड्ड्यात ती घसरली होती, आणि त्या दिवसापासून बेबीताईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्कूटीची चावी धान्याच्या कोठीत पुरून टाकली होती. डिझेल गाडी दारात उभीच असायची. सर मोटारसायकलनं जायचे. नीलिमानं ती चालवूनही पाहिली. क्लच दाबला की सिझेरियनच्या टाक्यांपासून मांडीपर्यंत ओढ बसायची. फाट्यापर्यंत जाऊन ती घामाघूम होऊन परत आली होती.

तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. जमलं नाही, तर बिनपगारी रजेचा अर्ज. आणि असा अर्ज केलेल्या बाया तिला माहीत होत्या. त्यांपैकी एकही परत आली नव्हती.

दवाखान्यातल्या मंजुषा सिस्टरची बदली झाली होती आणि तिला आपली छोटी बॅटरीवाली गाडी विकायची होती. मागच्या आठवड्यात नीलिमा रजा वाढते का ते विचारायला गेली, तेव्हा मंजुषानं तिला दवाखान्याच्या आवारातच गाडी चालवायला बसवलं. क्लच नाही, गिअर नाही. पाय ठेवला, गाडी निघाली. पाय काढला, थांबली. नीलिमानं दोन फेऱ्या मारल्या आणि उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजुषाला वाटलं, घाबरली.

रविवारची बैठक उठल्यावर, सर साबणानं हात चोळत असताना, तिनं सांगितलं.

सर हात चोळतच राहिले. “कोनती? ती पांढरी?”

“हाव.”

“तिची बॅटरी किती राह्यली, इचारलं का? रिसेल किती हाय, माईत हाय तुले? अन् आपल्या इथली लाईट—”

“अहो, मले पुढच्या सोमवारी जाचं हाय.”

“मी कुठं नाई म्हनून राह्यलो? पन नीलू, समजून घे. देवमनभाऊनं तेच बुक केली होती. मी सांगतलं म्हनून कॅन्सल करून त्यानं पेट्रोल घेतली. फुलचंद तर आत्ता उठून गेला. अन् उद्या माह्याच दारात तेच उभी?”

शाळेत याचं कुणी ऐकत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिथं कागदच इतके की शिकवायलाही सवड नसायची. भावकीत मोठा भाऊ बोलायचा, हा ऐकायचा. गाडी हा एकच विषय असा होता, की हा बोलला की माणसं मान डोलवत.

“पाहू,” शेवटी तो म्हणाला. “दोन दिवस आनून ठेव म्हन तिले. मी तपासतो.”

मंजुषानं शनिवारी गाडी पाठवून दिली, पूर्ण चार्ज करून. रविवार उजाडला.

नवी गाडी दारात आली की त्या वस्तीत चक्कर द्यावी लागते. आधी म्हाताऱ्या बाया, मग पोट्टे, मग बाकीचे. विहारापर्यंत, तिथून फाट्यापर्यंत आणि परत. गाडी आपली नाही, मागून आणलीय, असं सांगून कुणी ऐकत नाही. सरांनी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटला नेहमीसारखा कान लावला, बराच वेळ लावला, आणि मग उगाच रुमालानं कान पुसला. ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

“सर, सुरू तर करा आधी,” फुलचंद म्हणाला.

“सुरूच हाय,” सर म्हणाले, आणि लोक इतके हसले की तेही हसले.

पहिल्या चकरेला चतुराबाई बसली. तिच्या गुडघ्यांना मोठ्या गाडीची पायरी चढवत नसे. या गाडीत ती बाजेवर बसावं तशी बसली. “अवं माय, थंडगार!” सरांनी एसी मुद्दाम पूर्ण सोडला होता. बॅटरी कशी झरझर उतरते, ते त्यांना लोकांना दाखवायचं होतं. चकरेमागून चक्कर होत होती आणि प्रत्येक चकरेला ते काचेपुढचा आकडा दाखवत होते. लोक आकड्याकडं बघत नव्हते. लोक म्हणत होते, “सर, अजून एक बार जोरात दाबा ना!”

दुपारी देवमन, फुलचंद आणि आणखी दोघांना घेऊन सर वाशिमच्या पुढं, चढाच्या रस्त्यानं निघाले. नीलिमा दारात उभी राहून म्हणाली, “अहो, सकाळी मले लागन.”

“येतो ना. परीक्षा तर घेऊ दे.”

ते आले दिवेलागणीला. पाचही जण खुशीत. फुलचंद बेबीताईंना सांगत होता, “काकू, आकडा लाल झाला होता, लाल! मी म्हनलं, सर, आता धक्का माराले लागते. तर सर म्हनते, काटा खोटा असते, कंपनी नेहमी थोडं लपवून ठेवते. अन् आनली की हो घरापर्यंत!”

डिझेल गाडीवर सरांनी आयुष्यभर हेच केलं होतं. काटा खाली टेकला तरी ती पुढच्या गावापर्यंत जाते, आणि नाहीच गेली तर कॅन घेऊन पंपावर जायचं. त्यांनी पांढऱ्या गाडीची वायर कूलरच्या पॉईंटला लावली, हिरवा दिवा लागलेला पाहिला, आणि हात धुऊन जेवायला बसले. पहिला घास तोंडात असतानाच बाहेर पुलाच्या दिशेनं फटाक्यासारखा आवाज झाला. गावातले सगळे कूलर एकदम गप्प झाले.

“डीपी जळाली,” सर म्हणाले, आणि घास तसाच तोंडात धरून बसले.

सोमवारी सकाळी लाईट आलेली नव्हती. नीलिमा इस्त्रीची साडी नेसून, पांढरा कोट हातावर घेऊन अंगणात आली. सर पांढऱ्या गाडीत बसून बटणं दाबत होते. आकडा जिथल्या तिथं.

“फाट्यापर्यंत जाईन,” ते म्हणाले. “पन तिथून परत...”

तिला भांडण करायचं होतं, पण भांडायला लागतं तेवढं बळही तिच्यात उरलं नव्हतं. ती पायरीवर बसली. कोट मांडीवर. आतून दीपाचा बोबडा आवाज येत होता आणि बेबीताई तिला कावळा दाखवत होत्या.

“चाल, मी सोडतो. रजा टाकतो आज,” सर म्हणाले. डिझेल गाडीची चावी फिरवली. गाडी खाकरली, थरथरली आणि सगळ्या अंगणाला हलवत सुरू झाली. सरांना राहवलं नाही. “पाह्य. येळेवर कामी कोन आलं?”

नीलिमानं फक्त दार लावून घेतलं.

सकाळची ओपीडी उन्हाळ्याची होती. तापाची पोरं, उलट्या, जुलाब. खिडकीपुढं रांग. पावडरीची पाकिटं मोजून देताना, कसं घ्यायचं ते सांगताना, एखादं लेकरू रडलं की नीलिमाची छाती आपोआप भरून यायची. सुट्टी झाली तेव्हा कोटाखालचं ब्लाऊज ओलं झालं होतं. ती कोटाची बटणं लावूनच बाहेर आली. सर लिंबाच्या सावलीत गाडी लावून थांबले होते.

गाडी निघाली तसं ते बोलायला लागले. “नीलू, मी इचार केला. लाईटचा भरोसा नाई हे आता तूच पाह्यलं. म्हंजे माहं म्हननं—” त्यांनी सहज तिच्याकडं पाहिलं आणि बोलणं तिथंच राहिलं. तिनं पदर कोटावरून घट्ट लपेटून घेतला होता, भर उन्हाळ्यात, आणि बाहेर बघत होती. पदराखालून ओल पसरत चालली होती.

“दुखते का?” त्यांनी हळू विचारलं.

“हाव.”

पुढं घरापर्यंत त्यांनी एकही खड्डा चुकवला नाही. गाडी नुसती दामटली.

दीपा रडून रडून घोगरी झाली होती. बेबीताई तिला खांद्यावर टाकून दारातच उभ्या होत्या, डोक्यावरचा पदरही त्यांनी सावरला नव्हता. “घे वो माय, तुही पोट्टी. हिले हसवता हसवता माहाच जीव गेला.” नीलिमा आत जाऊन तशीच जमिनीवर टेकली. दीपा पिताना मधेच हुंदके देत होती, जणू तक्रार अजून संपली नव्हती.

सर दारात उभे होते. आत यावं की न यावं, असे.

“आज तुमी रजा टाकली,” नीलिमा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “उद्या?”

“उद्या बी टाकतो.”

“परवा?”

ते चौकटीचा रंग नखानं काढत राहिले.

“तुमचं समदं खरं असन,” ती म्हणाली. “बॅटरी म्हना, रिसेल म्हना, कंपन्या चोट्या असतीन. मी नाई कुठं म्हनलं? पन मले गाडी घ्याची नाई. मले दुपारी घरी याचं हाय.”

आतल्या खोलीतून बेबीताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो सुनेपाशी ठेवला आणि मुलाकडं न बघता म्हणाल्या, “तुह्या वक्ताले मी वावरात झाडाले झोई बांधून तिच्यात तुले निजवत होती. दवाखान्यात झोई बांधता येते का, जरा इचारून ये.” आणि निघून गेल्या.

सर हळूच खाली बसले, चपलांच्या बाजूला. “लोक इचारतीन, नीलू.”

“मंग सांगा, बायकोनं ऐकलं नाई.”

“असं कसं सांगू?”

“काहून? खरंच तर हाय.” तिला हसू आलं, थकलेलं, अर्धं. “माहं नाव घ्या. मले काई होत नाई. मी म्हनीन, हाव, नाई ऐकलं.”

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. “चाल, उशीर होईन,” म्हणाले आणि तिला उठायला हात दिला.

लाईट दुसऱ्या दिवशी आली. सरांनी खरोखरच दुसरीही रजा टाकली. पण नीलिमा संध्याकाळच्या एसटीनं दवाखान्यातून परत आली, तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा होता आणि सर त्यात उभे होते. अंगावर बनियन, डोक्याला टॉवेल. बाजूला कोळशाचं पोतं, मिठाचं पोतं आणि तांब्याची पट्टी. आणि काठावर, अर्थातच, फुलचंद.

“सर, मी मघापासून पाहून राह्यलो,” फुलचंद म्हणत होता. “झाड लावता का कोनाले पुरता?”

“अर्थिंग हाय. कूलरच्या पॉईंटवर रोज चार्ज करनं बराबर नाई. वायर तापते. येगळी लाईन घ्या लागते, येगळं मीटर पाहा लागते. अन् गाडी अर्ध्याच्या खाली न्याचीच नाई. लाईट गेली तरी दोन दिवस निघाले पाह्यजे.” सर सगळं एका दमात म्हणाले. कुदळीवर हात टेकून ते थांबले. त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

फुलचंदनं पांढऱ्या गाडीकडं पाहिलं. मग खड्ड्याकडं. मग पुन्हा गाडीकडं. “म्हंजे? मिक्सर घेऊन राह्यले तुमी?”

दारात नीलिमा पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं सरांकडं पाहिलं आणि मान किंचित हलवली. सांगा ना, सांगितलंय तसं.

“बायकोनं...” सर म्हणाले. थांबले. कपाळावरची माती टॉवेलनं पुसली, ती आणखीच पसरली. “घेऊन राह्यलो, भाऊ. मीच घेऊन राह्यलो. गाडीबद्दल माहं मत होतं तेच हाय. पडदा बेकार, पत्रा पातळ. बॅटरी जाईन तवा मी तुमच्याजवळ येऊन रडन. पन घेऊन राह्यलो.”

“अन् मंग मी काय घेऊ?” फुलचंदचा आवाज खरंच व्याकूळ झाला होता. इतके रविवार त्यानं उकिडवं बसून काढले होते.

सरांनी खड्ड्यातूनच त्याच्याकडं पाहिलं. “तुमच्या घरी दुपारी कोन वाट पाह्यते, भाऊ?”

फुलचंदनं विचार केला. अगदी मनापासून केला. “दुपारी? म्हैस.”

नीलिमा हसली, आणि हसता हसता टाक्यांवर हात दाबून चौकटीला टेकली. आतून बेबीताईंचं हसणं ऐकू आलं. सरही हसले, मग पाठ वाकवून पुन्हा कोळसा ओतायला लागले.

“मंग बसा,” ते म्हणाले. “रोज कुठं जाता, कितीदा जाता, संग कोन राह्यते, हे आधी सांगा. गाडीचं मंग पाहू.”

नीलिमा आत आली. साडी बदलायची होती, सकाळचा डबा घासायचा होता. तिनं दीपाला बाजेवर ठेवलं आणि पाच मिनिटं म्हणून तिच्या बाजूला पाठ टेकली. पोरीनं सवयीनं एक हात तिच्या गळ्यापाशी ठेवला. बाहेर फुलचंद सांगत होता, की वावर कुठं आहे, बाजार कधी, सासुरवाडी किती लांब. आणि सर मधेमधे काहीतरी विचारत होते. बराच वेळ त्यांनी स्वतःचं मत दिलं नाही. ते देतील, हे नीलिमाला माहीत होतं. तेवढं ऐकून मग उठू, असं तिनं ठरवलं, आणि ते बोलायच्या आधीच तिला झोप लागली.